तुला माहीत होतं?

भाचीच्या डोहाळजेवणाला मी लेस्टरला गेले होते. ओटी भरून झाली, बर्फी की पेढा झालं, फोटो झाले. मग स्वयंपाकघरात डबे भरताना तिने हळूच विचारलं, "मावशी, खरं सांग, फार त्रास होतो का गं?" मी म्हटलं, "होतो, पण बाळाचं तोंड बघितलं की विसरायला होतं." माझ्या आईने मला जे सांगितलं होतं तेच, शब्दही बदलले नाहीत. हे सांगत होते तेव्हा माझ्या पर्समध्ये दोन पॅड होते. गेली 28 वर्षं असतात.

माझा मुलगा 1994 साली इथेच, इंग्लंडमध्ये झाला. चिमटा लावून. टाके पुष्कळ पडले. सहा आठवड्यांच्या तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी बाळाचं वजन विचारलं, पुढच्या पाळणा लांबवण्याचं विचारलं. खोकलं की लघवी होते, असं मी चाचरत सांगितलं. बाळंतपणानंतर होतंच असं, म्हणाले. संपला विषय. पुढे मी बॅडमिंटन सोडलं. गणपतीच्या मिरवणुकीत लेझीम खेळायचे, तेही सोडलं. कारण काय सांगितलं? गुडघे! गुडघेदुखी ही आपल्याकडे प्रतिष्ठित तक्रार आहे. चारचौघांत सांगता येते, वर दोन-तीन तेलांची नावंही मिळतात.

भाची बाळंत झाली आणि तिला तिसऱ्या दर्जाची इजा झाली. म्हणजे फाटणं आत गुदद्वार आवळून धरणाऱ्या स्नायूपर्यंत गेलं. तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. वारा धरता येत नाही, एकदा संडासपर्यंत पोचताच आलं नाही, हे ती रडत सांगत होती. मी म्हटलं, "मलाही लघवीचं आहे गं, तुझ्या मावसभावाच्या वेळेपासून." ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे तुला माहीत होतं?"

त्या प्रश्नाशी मी अजून भांडते आहे. माझी बाजू अगदीच लंगडी नाही. आठव्या महिन्यातल्या पोरीला असलं ऐकवायचं कशाला? ब्रिटनमध्ये पहिल्या खेपेला नैसर्गिक प्रसूती झालेल्या शंभरांतल्या साधारण सहाजणींना अशी खोलवर इजा होते. आशियाई बायकांना धोका जास्त, हे इथल्या डॉक्टरांच्या मार्गदर्शिकेतच लिहिलंय. पण बाकीच्या नव्वदच्या वर बायकांना ती होत नाहीच ना! आणि ज्यांची होते त्यांचीही नीट शिवली तर वर्षभरात 60 ते 80 टक्के जणींना काही त्रास उरत नाही. मग सगळ्यांनाच भीती घालायची?

नेमका हाच युक्तिवाद इथल्या सर्वोच्च न्यायालयात झाला होता. नादीन माँटगोमेरी या मधुमेही, लहान चणीच्या बाईच्या प्रसूतीत बाळाचे खांदे अडकण्याचा धोका 9-10 टक्के होता. डॉक्टरांनी तो सांगितला नाही, कारण सांगितला तर बहुतेक बायका सिझेरियनच मागतील, असं त्यांचं म्हणणं. खांदे अडकले आणि मुलाला कायमचं अपंगत्व आलं. 2015 साली न्यायालयाने निकाल दिला की त्या जागी असलेल्या समंजस माणसाला जो धोका महत्त्वाचा वाटेल, तो सांगितलाच पाहिजे. निर्णय बाईचा, डॉक्टरांचा नव्हे.

मावशीला कायदा लागू नाही, म्हणा. आणि डोहाळजेवणात आकडेवारी वाचावी असंही कोणी म्हणणार नाही. पण सांगण्यासारखं माझ्याकडे होतं. बाळ बाहेर येताना गरम ओल्या कापडाचा शेक दिला तर मोठं फाटणं कमी होतं, सुईणीला आधीच सांगून ठेव. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे व्यायाम आत्तापासून कर. आणि नंतर काही गळलं, सुटलं, तर ती दुखापत असते, मुकाट्याने सोसू नकोस. यात घाबरवणारं काय होतं?

तरी बाळंतपणाआधीच्या मौनाचं मी अजून समर्थन करू शकते. त्यानंतरच्या मौनाचं नाही. कारण दहाव्या दिवशी मी डिंकाचे लाडू घेऊन तिच्याकडे गेले होते. ती एका कुशीवर कशीबशी बसायची, भिंत धरून संडासकडे जायची. मी बघत होते. मला सगळं कळलं होतं. तिला भीती घालण्याचा प्रश्न आता उरलाच नव्हता, व्हायचं ते होऊन गेलं होतं. उलट, लवकर बोलली असती तर लवकर उपचार मिळाले असते. तरी मी काय बोलले, तर, "अळीव खातेस ना?" तिच्या मनाची काळजी म्हणून मी गप्प होते, हे मला त्या दिवसाबद्दल म्हणता येत नाही. मला माझं उघड करायचं नव्हतं, एवढंच.

मग तिच्याबरोबर मीही गेले, साठी उलटल्यावर. फिजिओथेरपिस्टने तपासून सांगितलं की मी इतकी वर्षं व्यायाम उलटा करत होते, वर ओढण्याऐवजी खाली जोर देत होते. अर्नोल्ड केगेल या डॉक्टरांनी हे व्यायाम 1948 मध्ये मांडले. फ्रान्समध्ये बाळंतिणीला अशा शिकवणीची दहा सत्रं सहज मिळतात. आणि मला एकदा नीट करून दाखवायला 28 वर्षं लागली. तीन महिन्यांनी माझे पॅड कमी झाले, सुटले नाहीत. भाची पुष्कळ सुधारली आहे, पण वाऱ्याचं अजून अधूनमधून होतं. दुसरं मूल झालंच तर सिझेरियन करायचं का, याचा ती विचार करते आहे. माझं मत तिने विचारलेलं नाही.

माझ्या बाळंतपणाला आई सांगलीहून आली होती. जुन्या धुवट लुगड्याच्या घड्या ती रोज धुवायची आणि टॉवेलखाली झाकून वाळत घालायची. बाळासाठी असतील, असं मी धरून चालले होते. मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तिला विचारलं, "आई, ते कपडे तुझे होते का?" तिने आधी मागे वळून खोलीत कोण आहे ते बघितलं. मग फोन तोंडाजवळ आणून म्हणाली, "दुपारी तीनला कर, तेव्हा सगळे झोपलेले असतात."