धार, उपकरण आणि प्रमाद

कर्म करणाऱ्याच्या हातातील उपकरण धारदार आहे की बोथट, नीट बसवलेले आहे की सैल, यावर त्या कर्माचे नैतिक मूल्य काही अंशी ठरते का, या प्रश्नाकडे जैन आचार्यांनी फार बारकाईने पाहिले आहे. उमास्वातींचे तत्त्वार्थसूत्र दिगंबर आणि श्वेतांबर हे दोन्ही संप्रदाय थोड्याफार पाठभेदांसह प्रमाण मानतात, आणि त्याचा सहावा अध्याय आस्रवाचा आहे. आस्रव म्हणजे मन, वाणी आणि शरीर यांच्या हालचालींमुळे आत्म्याकडे वाहत येणारा कर्माचा ओघ. तीच कृती करणाऱ्या दोघांच्या वाट्याला हा ओघ सारखा का येत नाही, हे सांगताना सूत्रकार भावाची तीव्रता, भावाची मंदता, कृती जाणून केली की अजाणता, आणि कर्त्याचे सामर्थ्य या कारणांच्या पंक्तीला ‘अधिकरण’ हे कारणही बसवतात. अधिकरण म्हणजे कृतीचा आधार, आणि त्यात जीवाबरोबर निर्जीव वस्तूचीही गणना होते. नीतिविचार केवळ मनोवृत्तीपाशी थांबवण्याची सवय असलेल्या वाचकाला ही गणना चकित करणारी आहे, कारण तिने लोखंडाच्या तुकड्यालाही कर्ममीमांसेत जागा दिली आहे.

या विचाराची कसोटी पाहण्यासाठी बॅटरीवर चालणाऱ्या लॉन मोअरचे, म्हणजे हिरवळ कापणाऱ्या यंत्राचे, पाते बदलण्याचे साधे काम घेता येते. हिरवळ कापण्याचे पहिले यंत्र इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यात घडले. एडविन बडिंग यांनी १८३० मध्ये त्याचे पेटंट घेतले, आणि त्याची कल्पना त्यांना लोकरी कापडावरची लव कातरणाऱ्या गिरणीतल्या यंत्रावरून सुचली होती. आज हे यंत्र अमेरिकेच्या उपनगरांतील नेहमीची घरगुती वस्तू आहे. तेथील अनेक गावांच्या नगरपालिका अंगणातील गवताच्या उंचीवर मर्यादा घालतात, आणि कॅलिफोर्नियासारख्या राज्याने २०२१ च्या कायद्यानुसार पेट्रोलच्या छोट्या इंजिनांना आळा घालण्याचे धोरण स्वीकारल्यामुळे बॅटरीची यंत्रे वाढत आहेत. त्याच उपनगरांत गुजराती, मारवाडी आणि मराठी जैन कुटुंबे स्थायिक झाली आहेत, त्यामुळे गवत कापणे हा त्यांच्यासाठी केवळ घरकामाचा भाग उरत नाही. जैन मतानुसार गवत सजीव आहे. वनस्पती एकेंद्रिय जीवांत मोडते, म्हणजे तिला स्पर्शाचे एकच इंद्रिय असते, आणि स्पर्शनेंद्रिय, कायबल, श्वासोच्छ्वास व आयुष्य हे चार प्राण असतात. आचारांगसूत्राच्या पहिल्याच अध्ययनात मनुष्याचे शरीर आणि वनस्पतीचे शरीर शेजारी ठेवून, दोन्ही जन्मतात, वाढतात, आहार घेतात आणि तोडली असता कोमेजतात, असे साम्य दाखवलेले आहे. तेव्हा प्रत्येक कापणी ही हिंसा आहे, हे गृहीत धरूनच पुढचा विचार करावा लागतो. ती सौम्य शब्दांत झाकण्यात अर्थ नाही.

पात्याची स्थिती या हिंसेत नेमका कोणता फरक पाडते, हे समजण्यासाठी यंत्राची रचना थोडी पाहावी लागते. यंत्राच्या पोटाखाली पोलादाची एक आडवी पट्टी मधोमध एका बोल्टने मोटरच्या दांड्याला घट्ट केलेली असते. तिच्या दोन्ही टोकांच्या पुढच्या कडांना धार असते, आणि मागच्या कडा वर वळवलेल्या असतात, ज्यामुळे पाते फिरताना हवा वर ओढली जाते आणि लवलेले गवत उभे राहून धारेसमोर येते. धार शाबूत असेल तर गवताचे पान एका घावात तुटते. धार गेली असेल, किंवा दगडावर आपटून कड मोडली असेल, तर पाते तेच पान कापत नाही, फाडते. फाटलेल्या टोकाचे तंतू लोंबत राहतात, एकदोन दिवसांत सगळी हिरवळ वरून तपकिरी-पांढरी दिसू लागते, जखम मोठी असल्याने पाणी अधिक उडून जाते, आणि बुरशीजन्य रोगांना वाट मोकळी होते. बोथट पात्याला जोरही अधिक लागतो, म्हणून बॅटरी लवकर उतरते. जो जीव मुळे शाबूत राहून पुन्हा वाढणार होता त्याला विनाकारण जास्त इजा होते, आणि ही जास्तीची इजा कोणाच्याही हेतूत नसते.

येथेच जैन आणि बौद्ध विचारांचा जुना वाद उपयोगी पडतो. मज्झिमनिकाय या बौद्ध ग्रंथातील उपालिसुत्तात निर्ग्रंथांचे, म्हणजे जैनांचे, मत असे मांडले आहे की मन, वाणी आणि काया या तिन्हींच्या दंडांत, म्हणजे दुष्प्रवृत्तींत, कायदंड सर्वांत दोषास्पद असतो, तर बुद्ध मनाच्या कर्माला प्राधान्य देतात. बौद्ध परंपरेत चेतना, म्हणजे हेतुपूर्वक प्रवृत्ती, हेच कर्म मानले गेले. जैनांच्या सूत्रकृतांगात या मताची दुसरी बाजू येते: आर्द्रक मुनींशी वाद घालणारा बौद्ध म्हणतो की बालकाला भोपळा समजून कोणी भाजले तर त्याला हत्येचा दोष लागत नाही, आणि आर्द्रक ही सवलत साफ नाकारतात. दोन्ही ग्रंथांनी प्रतिपक्षाचे चित्र आपापल्या सोयीने रेखाटले आहे, हे ध्यानात ठेवणे न्याय्य ठरेल. जैनांनी जाणिवेला किंमत दिलीच नाही असे नाही, आणि बौद्धांनीही अज्ञानाला सरसकट क्षमा केलेली नाही. मिलिंदपञ्हात जाणून पाप करणारा अधिक दोषी की न जाणता करणारा, असे राजा विचारतो, तेव्हा भिक्षू नागसेन न जाणणाऱ्याचे पाप मोठे ठरवतात आणि तापलेला लोहगोल न जाणता धरणाऱ्याचा हात अधिक भाजतो असा दाखला देतात. तरीही मूळ अडचण राहतेच. यंत्र चालवणाऱ्याचा हेतू अंगण नीट ठेवण्याचा असतो. गवताला, त्यातील मुंग्यांना, गांडुळांना वा बेडकांना मारावे असे त्याच्या मनात नसते, आणि केवळ हेतूच्या मापाने मोजले तर धारदार पात्याचा मालक आणि वर्षानुवर्षे पाते न पाहिलेला मालक एकाच पायरीवर उभे राहतात.

हेतू आणि अपघात यांच्या मधली ही जागा जैनांनी ‘प्रमाद’ या संकल्पनेने भरून काढली. प्रमाद म्हणजे जागरूकतेचा अभाव, कषायांच्या म्हणजे क्रोध-लोभादी विकारांच्या किंवा आळसाच्या प्रभावाखाली वागणे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हिंसेची व्याख्या करताना प्राणांचा वियोग एवढेच सांगितले नाही, तर तो प्रमत्त प्रवृत्तीतून घडलेला असावा अशी अट घातली. कुंदकुंदांच्या प्रवचनसारात याच्याही पुढचे पाऊल आहे: समोरचा जीव मरो वा जगो, अयत्नाने वागणाऱ्याकडून हिंसा झालीच असे तेथे प्रतिपादन केले आहे. पूज्यपादांच्या सर्वार्थसिद्धी या टीकेत तर असा विचार उद्धृत केला आहे की प्रमादी आत्मा प्रथम स्वतःच स्वतःचा घात करतो, दुसऱ्या प्राण्यांचा वध नंतर होवो अथवा न होवो.

हे शेवटचे विधान आध्यात्मिक अर्थाचे आहे, परंतु पाते बदलण्याच्या कामात ते अक्षरशः खरे ठरू शकते, आणि म्हणून येथे थोडे थांबणे योग्य होईल. पेट्रोलचे यंत्र आवाजाने, वासाने, तापलेल्या धातूने स्वतःची सूचना देते. बॅटरीचे यंत्र बंद असताना पूर्ण निःशब्द असते, पण बॅटरी खाचेत असेपर्यंत त्यातील शक्ती तयार असते, आणि चुकून कळ दाबली गेली तर पात्याजवळचा हात वाचत नाही. अमेरिकी मानकांनी पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांपर्यंत, म्हणजे सेकंदाला सुमारे ९६ मीटरपर्यंत, मर्यादित केला आहे. मूठ सोडल्यावर पाते तीन सेकंदांत थांबावे असा नियमही तेथे १९८२ पासून आहे. नियमाने यंत्रावर घातलेली ही बंधने माणसाचा प्रमाद गृहीत धरून घातली आहेत. पात्याला हात लावण्याआधी बॅटरी काढून दूर ठेवणे आणि सुरक्षेची किल्ली असल्यास तीही काढून घेणे, या पहिल्या पायरीला दुसरा पर्याय नाही. जाड हातमोजे त्यानंतर येतात. परजीवाची दया करणाऱ्याने आधी स्वतःच्या बोटांविषयी जागरूक असावे, यात स्वार्थ नाही. जो आपल्या शरीराच्या बाबतीत बेसावध आहे, त्याची बेसावधी गवतातील किड्यापाशी पोहोचताच अचानक दक्षतेत बदलत नाही.

निर्जीव अधिकरणाचे प्रकार सांगताना सूत्रकारांनी निर्वर्तना, निक्षेप, संयोग आणि निसर्ग असे चार वर्ग केले: वस्तू घडवणे, ठेवणे, जोडणे आणि मन-वचन-कायेची प्रवृत्ती करणे. संयोगाचा एक पोटप्रकार ‘उपकरणसंयोग’ आहे, म्हणजे साधनांची एकमेकांशी जोडणी. आणि निक्षेपाच्या चार पोटप्रकारांत न पाहता ठेवणे, नीट न झाडता ठेवणे, घाईने ठेवणे आणि लक्ष नसताना ठेवणे असे भेद आहेत. टीकाकारांच्या डोळ्यांसमोर मुख्यतः मुनींची उपकरणे, पीछी आणि कमंडलू, होती हे खरे. तथापि पाते जोडणारा गृहस्थ ही सूत्रे वाचील तर त्याला आपलेच काम वर्णिले आहे असे वाटावे इतकी ती नेमकी आहेत. बॅटरीच्या यंत्रात तेल वा पेट्रोल नसल्याने ते निर्धास्त आडवे करता येते, पण ज्या जागी ते आडवे करायचे ती जागा पाहून, झाडून घेणे हे जैन दृष्टीने कामाचेच अंग आहे. पोटाला चिकटलेल्या ओल्या गवताच्या थरात जिवंत किडे असतात, म्हणून तो थर खरवडून फेकण्याऐवजी हलक्या हाताने सोडवून सावलीत ठेवावा लागतो. पाते फिरू नये म्हणून लाकडाचा ठोकळा अडकवून पान्याने बोल्ट सैल करायचा. वॉशर आणि इतर भाग ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडून ठेवायचे. पाते तडकलेले, वाकलेले किंवा वळलेल्या कडेपाशी झिजून पातळ झालेले असेल तर कानशीने धार लावण्याचा मोह टाळायचा, कारण तडकलेले पाते तुकडे होऊन उडू शकते. नवे पाते त्याच यंत्रासाठी बनवलेले हवे, आणि वळलेल्या कडा यंत्राच्या पोटाकडे येतील असेच ते बसायला हवे. उलटे बसवले तर ते गवत कापण्याऐवजी झोडपत राहते. बोल्ट निर्मात्याने सांगितलेल्या जोरानेच आवळावा लागतो. सैल राहिला तर पाते सुटते, फाजील आवळला तर आटे जातात. श्वेतांबर घरांत या सर्व काळजीला ‘जयणा’ म्हणतात, आणि दशवैकालिकसूत्र चालणे, बसणे, खाणे, बोलणे या प्रत्येक क्रियेत ती मागते.

यावर एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो टाळून चालणार नाही. शस्त्राला धार लावणे हीच जर अहिंसेची साधना ठरली, तर प्रत्येक हिंसक साधनाची निगा राखणे पुण्याचे होईल आणि मूळ कृतीचा विचार बाजूला पडेल. शिवाय धारदार पाते गवताला कमी फाडते, पण त्याच्या ओढीत सापडलेल्या नाकतोड्याला त्याचा काहीच लाभ नाही. या आक्षेपाचे बळ मान्य करावे लागते. कुंदकुंदांनी यत्नवान पुरुषाला निव्वळ प्राणवधाने कर्माचा बंध होत नाही असे म्हटले ते समितींचे, म्हणजे चालण्या-बोलण्यातील काटेकोर संयमाचे, पालन करणाऱ्या मुनीसंबंधी. ती सूट गृहस्थाने स्वतःकडे ओढून घेणे हा ग्रंथाचा विपर्यास होईल. गृहस्थासाठी मार्ग वेगळा आहे. दिगंबर परंपरा हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार भेद करते, आणि गृहस्थाकडून ठरवून केलेल्या संकल्पी हिंसेच्या त्यागाची अपेक्षा धरते. घरकाम, उपजीविका आणि संरक्षण यांतील हिंसा त्याच्या वाट्याला राहते, पण ती कमीत कमी ठेवण्याचे ओझेही त्याच्यावरच राहते. कोल्हापूर-सांगलीकडचे शेतकरी जैन समाज पिढ्यान्‌पिढ्या विळा आणि नांगर हातात धरून या भेदाच्या आधारे जगत आले आहेत. अन्न पिकवणारा विळा आणि शोभेसाठी हिरवळ छाटणारे पाते यांना मात्र एकाच मापाने मोजता येत नाही. समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे, म्हणजे निष्प्रयोजन हिंसेचे, जे प्रकार सांगितले आहेत त्यांत ‘प्रमादचर्या’ आहे, आणि तिच्या उदाहरणांत व्यर्थ वनस्पतिच्छेद स्पष्ट शब्दांत येतो. म्हणून पात्याच्या धारेचा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा ठरतो आणि कापणीच्या प्रयोजनाचा पहिल्या. मुलांना खेळायला जागा, गोचिडांपासून बचाव, गावाचा नियम, ही प्रयोजने खरी असतील तेवढीच कापणी अर्थयुक्त. शेजाऱ्याच्या अंगणाशी स्पर्धा करण्यासाठी दर आठवड्याला केलेली कापणी प्रमादचर्येत जाते, पाते कितीही नवे असो. हिरवळीच्या जाणकारांचा सल्ला आहे की एका वेळी पानाच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक कापू नये, आणि मोसमानुसार कापणीचे अंतर वाढवावे. मूळ हेतू वेगळा असला तरी या सल्ल्याचा आणि श्रावकाच्या, म्हणजे जैन गृहस्थाच्या, व्रताचा येथे मेळ बसतो.

उरतो काढलेल्या पात्याचा प्रश्न. समंतभद्रांनी अनर्थदंडाचाच आणखी एक प्रकार ‘हिंसादान’ सांगितला आहे, ज्यात कुऱ्हाड, तलवार, कुदळ, अग्नी, साखळदंड अशी वधाची साधने दुसऱ्याला देणे येते. जुने पाते बोथट असले तरी हाताला कापते, कचऱ्याच्या पिशवीत टाकले तर कचरा उचलणाऱ्याच्या तळव्यात शिरू शकते, आणि तडकलेले असताना कोणाला वापरायला दिले तर त्याच्या यंत्रात फुटू शकते. या दोन्ही गोष्टींत निक्षेपाचा दोष आणि हिंसादान एकत्र येतात. म्हणून त्याच्या दोन्ही टोकांच्या कडा जाड पुठ्ठ्यात गुंडाळून, दोरीने बांधून आणि वर ‘धारदार’ असे लिहून ते भंगार धातू घेणाऱ्याच्या हातात समोरासमोर द्यावे लागते.