चौथा घटक

सकाळच्या जागेत व्हिस्कीचा विषय काढला म्हणून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. त्यांना आधीच सांगून टाकतो: एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कॉकटेल हे सकाळी घ्यायचं पेय होतं. जेरी थॉमसने १८६२ मध्ये बारटेंडरांसाठी जे पुस्तक काढलं, त्यातही काही मंडळी ते सकाळचं टॉनिक म्हणून घेतात अशी नोंद आहे. मी सकाळी चहाच घेतो. पण या विषयावर विचार करायला सकाळच बरी. संध्याकाळी तो फारसा होत नाही.

न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावी निघणाऱ्या एका वर्तमानपत्राला १८०६ मध्ये एका वाचकाने विचारलं, हे कॉकटेल म्हणजे काय? संपादकाने १३ मेच्या अंकात उत्तर दिलं: कोणतंही मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स. पुढे या चौघांत कुरासाव, माराशिनो, ॲबसिंथ असे पाहुणे शिरत गेले. जुन्या गिऱ्हाइकांना ते मानवेना. आम्हाला आपलं जुन्या पद्धतीचंच द्या, असं ते बारवाल्याला सांगू लागले आणि पेयाला तेच नाव चिकटलं, ओल्ड फॅशन्ड. हे पेय आमच्याकडे जन्मलं असं लुइव्हिलचा पेंडेनिस क्लब सांगत आला आहे. क्लब १८८१ चा. 'शिकागो ट्रिब्यून'मध्ये अशा कॉकटेलचा उल्लेख १८८० सालचा. क्लबांच्या आठवणी साधारण अशाच असतात.

घरी करायला याहून सोपं काही नाही. जाड बुडाच्या ग्लासात लहान चमचाभर साखर, तिच्यावर अंगोस्तुरा बिटर्सचे दोन-तीन शिडकावे आणि थोडंसं पाणी. साखर आधी विरघळवून घ्यायची, कारण एकदा व्हिस्की ओतली की ती तळाशी हटून बसते. (हे बिटर्स म्हणजे बोलिव्हारच्या सैन्यातल्या सीगर्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने व्हेनेझुएलात १८२४ मध्ये तयार केलेलं पोटाचं औषध. बारच्या फळीवर ते नंतर आलं.) मग ६० मिली व्हिस्की, बर्बन किंवा राय असेल तर उत्तम. वर बर्फाचे मोठे खडे घालायचे आणि ढवळायचं. शेवटी संत्र्याच्या सालीचा तुकडा ग्लासावर पिळला की तिच्यातलं तेल वर तरंगतं आणि पहिल्या घोटाआधी वास येतो. शेकर लागत नाही. लिंबाचा रस किंवा अंड्याचा बलक असता तर खळखळून हलवणं योग्य होतं. इथे त्याने नुसती हवा शिरते आणि पेय गढूळ होतं.

माझं मन अडतं ते चौथ्या घटकापाशी, पाण्यापाशी. दुधात पाणी घातलं की आपण त्याला भेसळ म्हणतो आणि तोच न्याय ग्लासालाही लावतो. बैठकीत कुणी तरी छाती काढून सांगतोच, "आपल्याला पाणी चालत नाही, नुसता बर्फ टाका." त्याला वाटतं बर्फ म्हणजे गारवा आणि पाणी म्हणजे पाणी. पण बर्फ गार करतो तो मुख्यतः वितळूनच. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता ओढून घेतो. ६० मिली व्हिस्की ३० अंशांवरून शून्याच्या आसपास आणायची, तर साधारण २० ग्रॅम बर्फाचं पाणी व्हावंच लागतं. आपल्याकडची ४२.८ टक्क्यांची व्हिस्की अशा रीतीने ३२ टक्क्यांवर येते. वितळू न देता गार करायचं असेल, तर बर्फाचा उपयोगच नाही; बाटली फ्रीजरमध्ये ठेवा.

म्हणून ढवळणं हे खरं तर पाणी मोजून घालणं आहे आणि माप आहे आपल्या मनगटात. घाईने थांबलात तर कोमट आणि जळजळीत. गप्पांच्या नादात ढवळत राहिलात तर पुचाट. अर्धं मिनिट झालं की चमच्याने चाखून पाहावं.

गंमत अशी, की हडसनच्या संपादकाच्या व्याख्येत पाणी आहे, बर्फ नाही. त्याच १८०६ च्या फेब्रुवारीत बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने तळ्यातला बर्फ जहाजात भरून मार्टिनिकला धाडला होता आणि लोक त्याला हसत होते. त्याचाच बर्फ १८३३ मध्ये कलकत्त्याला पोचला. पुढे तो मुंबईतही उतरू लागला आणि इथेही बर्फघर उभं राहिलं. चार महिन्यांचा समुद्र ओलांडून आलेला तो बर्फ ग्लासात विरघळताना पाहून आपल्या शहरातल्या साहेबांना हळहळ वाटली असेल. आपल्याला ट्रे पिळला की खडे मिळतात. निदान ते वितळल्याची तक्रार तरी आपण करू नये.

महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वयाची पंचविशी आणि परवाना, दोन्ही लागतात, हे यजमानाने विसरू नये. आणि एक गोष्ट पाहुण्यांना जरूर सांगावी. पाण्याने धार कमी होते, मद्य कमी होत नाही. चव कितीही मऊ लागली, तरी पोटात जातात ते ६० मिलीच, म्हणजे दोन पेग. गाडीच्या किल्ल्या पहिल्या घोटाआधीच दुसऱ्याच्या हाती द्या.