नाव सर्वांचे, मग ढोल कोणाचा?

राजा जेम्सच्या आज्ञेने झालेल्या 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये, अडुसष्टाव्या स्तोत्रात, देवाचे एक अगदी छोटे नाव येते : जाह. मूळ हिब्रूत ते याह. पूर्ण नाव चार अक्षरांचे. धर्मनिष्ठ यहुदी ते उच्चारत नाहीत. छोटे रूप मात्र ‘हालेलूया’त शिरून सामान्यांच्या तोंडी राहिले.

पुढे धर्मग्रंथालाच कात्री लागली. वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी 1807 साली लंडनमध्ये बायबलची निवडक आवृत्ती छापली गेली. इजिप्तच्या दास्यातून सुटलेल्या लोकांची कथा तिच्यातून गाळली होती. गुलामाने देव मानावा, पण तो बेड्या तोडतो हे त्याला कळू नये, ही त्यामागची नीती. एवढा उघड दांभिकपणा इतिहासात फार थोड्यांनी छापून ठेवला असेल.

या गुलामांच्या वंशजांनी 1930 नंतर जमैकात ‘जाह’ हे नाव आपलेसे केले. रास्ताफारी पंथ उभा राहिला. त्याचे एक प्रवर्तक लिओनार्ड हॉवेल यांना 1934 साली राजद्रोहाच्या आरोपाखाली शिक्षा झाली. 1963 साली जमैकातल्या कोरल गार्डन्स इथे झालेल्या हिंसक घटनेनंतर पोलिसांनी दिसेल त्या रास्ताफारीला पकडले, मारले. त्याबद्दल सरकारने माफी मागितली ती 2017 साली. याच पंथाचा गायक बॉब मार्ली याने 1977 च्या अल्बमला ‘एक्झोडस’ हे नाव दिले. कात्री लागली होती ती नेमकी याच कथेला.

म्हणूनच या पंथाला प्रश्न विचारायला हवेत. ‘जुलूम सोसलेल्यांची श्रद्धा तरी सोडा’ असे काही सज्जन म्हणतील. पण त्यांना प्रश्न न विचारणे म्हणजे त्यांना बरोबरीचे न मानणे.

पहिला प्रश्न सम्राटाचा. रास्ताफारींनी इथिओपियाच्या हैले सेलासींना साक्षात जाहचा अवतार मानले. सेलासींच्या साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने पूर्णपणे बंद झाली ती 1942 साली. 1973 साली वोलो प्रांतात माणसे उपासमारीने मरत असताना दरबाराने दुष्काळ झाकला. गुलामांच्या नातवंडांनी डोक्यावर घेतला तोही एक राजाच.

दुसरा प्रश्न बाईचा, आणि तो मला अधिक जड वाटतो. ‘न्याबिंगी’ सभेत रात्रभर ढोल वाजतात, जाहचे स्तवन चालते. परंपरेने ते ढोल पुरुषांचे. कडक शाखांमध्ये पाळी आलेल्या बाईला सभेतून वेगळे ठेवतात. आधार विचारला की बायबलच्या लेवीय पुस्तकाकडे बोट दाखवतात. मालकाने कापून दिलेला ग्रंथ ज्यांनी नाकारला, त्यांना या पुस्तकातला विटाळ नाकारता येत नाही? कोणते वचन घ्यायचे आणि कोणते सोडायचे हे माणूसच ठरवतो. मग त्या निवडीची जबाबदारीही त्याचीच. मॉरीन रो या रास्ताफारी स्त्रीने 1980 मध्येच लेख लिहून पंथातल्या बाईच्या स्थानाची चिकित्सा केली होती. टीका बाहेरच्यांचीच असते, हा आक्षेप तिथेच संपतो.

आपल्याला हे सारे परके वाटायचे कारण नाही. विठ्ठलाचे नाव चोखोबांच्या तोंडी चालत होते, त्यांचे पाऊल मंदिरात चालत नव्हते. ते दार उघडण्यासाठी साने गुरुजींना 1947 साली प्राणांतिक उपोषण करावे लागले. दार उघडले, विटाळ मात्र घरातच राहिला. ‘नाव घे, नावाला विटाळ नसतो, फक्त देवघरात येऊ नकोस’ असे आजही शिकलेल्या घरांतून मुलींना सांगितले जाते. बाजूला बसण्यात तिला विश्रांती मिळते, हा बचाव तर रोज ऐकू येतो. विश्रांती हवी असेल तर ती मागेल; तिच्या हाताची शिवाशिव मानण्याला विश्रांती म्हणत नाहीत. येत्या आषाढीला घरातल्या मुलीची पाळी असेल, तर आरतीचे तबक तिच्याच हाती द्या, आणि कोणी हरकत घेतली तर मुलीला गप्प न करता हरकत घेणाऱ्याला कारण विचारा.