बोगमाळोची भेट

वसमतवरून विमाने जातात, तेथे उतरत नाहीत. त्यामुळे हळदीच्या मोंढ्यात उभी हयात घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाने आरमारी विमानांचा व्यासंग करावा, आणि तोही केवळ मोबाइलच्या पडद्यावर, कधी न पाहिलेल्या तिघा स्नेह्यांच्या संगतीत, हा प्रकार घरच्या मंडळींना आजवर एक निरुपद्रवी छंदिष्टपणा वाटत आला आहे. आम्ही चौघे प्रथम प्रत्यक्ष भेटलो ते गेल्या पौषात, वास्कोजवळच्या बोगमाळो येथे, नौदलाने १९९८ साली उघडलेल्या विमान-संग्रहालयात.

अदृष्ट स्नेह ही काही या शतकाची मिरास नव्हे. धारवाडहून जी. ए. कुलकर्णी सुनीताबाई देशपांडे यांना जी दीर्घ पत्रे लिहीत, त्यांतही टपालखात्याच्या मेहेरबानीने, देहाला रजा देऊन, मनच मनाशी बोलत होते. देहाला अशी रजा देण्यात एक सोय असते: आपल्यातला जेवढा अंश पाठवावासा वाटतो, तेवढाच पोहोचतो.

सी हॉक विमान मी चित्रांत नेहमी झेपावतानाच पाहिले होते. १९७१ च्या ४ डिसेंबरला याच जातीची विमाने ‘विक्रांत’वरून उडून कॉक्स बाजार व चितगाव यांवर तुटून पडली, तीही नौकेचा एक बॉयलर नादुरुस्त असल्याने तिचा वेग मर्यादित झालेला असताना, हे सारे मुखोद्गत होते. परंतु समोर जाऊन उभा राहिलो तेव्हा नजर खिळली ती पंखाच्या मधोमध असलेल्या बिजागरीवर. नौकेवर जागा थोडी, म्हणून पंख मिटण्याची ही तजवीज. आणि जिच्यासाठी ती केली, ती नौका २०१४ पासून मुंबईच्या दारूखान्यात तुकड्या-तुकड्यांनी मोडीत निघाली. बिजागरी तेवढी राहिली.

आमच्यांतील सांगलीचे वयोवृद्ध गृहस्थ या विषयातले अधिकारी पुरुष, त्यांचा शब्द आम्हाला प्रमाण. भेटीअंती कळले की त्यांना मुळीच ऐकू येत नाही. इतक्या वर्षांच्या लिखित संवादात ही गोष्ट त्यांनी लपवली नव्हती; ती सांगण्याचा प्रसंगच कधी उद्भवला नव्हता. प्रत्यक्ष साक्ष तीच खरी, हा कचेरीचा कायदा मी स्नेहालाही लावत आलो होतो. पण येथे तर साक्षीला आलेला देहच आमच्या बोलण्याच्या आड येत होता, आणि मी त्यांच्या कानाशी ओरडत होतो, ते संकोचाने हसत होते.

आवारात सुपर कॉन्स्टेलेशन उभे आहे. चार इंजिने, शेपटीला तीन उभे पंख. एअर इंडियाच्या ताफ्यात असताना त्याचे नाव ‘रानी ऑफ एलोरा’, म्हणजे नावापुरते तरी ते आमच्या मराठवाड्याचेच. त्याच्या सावलीत आम्ही हातभर अंतरावर बसलो, हळदीच्या पुड्या वाटून झाल्या, आणि मग कोणीही काही न सुचवता चौघांनी खिशांतून मोबाइल काढले. माझ्या पडद्यावर सांगलीकरांची ओळ उमटली: “बिजागरी पाहिलीत का?”