पुडी आणायला कोण जाणार?

"बाळ्या, पळ, कोपऱ्यावरून पुडी घेऊन ये. उरलेल्या पैशांच्या गोळ्या घे."

मी तेव्हा दुसरीत असेन. कसली पुडी, हे काकांना सांगावं लागत नसे आणि मला विचारावं लागत नसे. दुकानदारही माझं वय बघत नसे, कारण त्याच्या हिशेबी गिऱ्हाईक काका होते आणि मी नुसता निरोप्या. पण त्या खेपांमधून मी बरंच शिकत होतो. पुडीच्या कागदाचा रंग, चुना किती घ्यायचा, मळून झाल्यावर टाळी मारून उडवलेला भुसा, आणि बार भरल्यावर काकांच्या चेहऱ्यावर पसरणारं समाधान. मी पुढे तंबाखू खाल्ली नाही. माझ्याबरोबरच्या दोघांनी मात्र चौथीत असतानाच, अशाच आणलेल्या पुडीतली चिमूट वाटेत काढून घेतली होती. त्यांना कोणी बिघडवलं नव्हतं. घरच्यांनीच कामाला पाठवलं होतं.

पोरांच्या व्यसनाचा विषय निघाला की आपण लगेच टपरी, कॉलेजचा कट्टा आणि वाईट संगत यांवर येतो. तिथवर पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या १३ ते १५ वयाच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के मुलं तंबाखूचा वापर करताना आढळली. त्याहून मला हलवून गेला तो दुसरा आकडा. धूर न काढता तंबाखू खाणाऱ्या-लावणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी वयाची दहा वर्षं पुरी होण्याआधीच सुरुवात केली होती. तिसरी-चौथीतल्या मुलाला कट्टा कुठला? त्याचं जग म्हणजे घर, ओसरी आणि कोपऱ्यावरचं दुकान.

महाराष्ट्रात तर हे अधिकच खरं आहे. २०१६-१७ च्या प्रौढांच्या सर्वेक्षणानुसार आपल्या राज्यात धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर तंबाखू खाणारे किंवा दाताला लावणारे २४.४ टक्के. विदर्भात खर्रा, इतरत्र मावा, आणि घराघरांत मशेरी. आजी तव्यावर तंबाखू भाजायची तेव्हा घरभर ठसका उठायचा, तरी तिच्या लेखी मशेरी म्हणजे व्यसन नव्हतंच. ते दात घासणं होतं. नातवाचा दात ठणकला की तीच काळी पूड मायेनं त्याच्या हिरडीवर लागायची. ज्या बोटानं औषध लावलं, त्याच बोटानं निकोटिनची ओळख करून दिली. हे लिहिताना मला आजीवर राग काढायचा नाही. तिला कोणी कधी काही सांगितलंच नव्हतं.

निकोटिन शरीरात शिरतं कसं, हे मात्र मुलांना नीट सांगायला हवं. त्यांना ते समजतं. चुना अल्कधर्मी असतो. तो तंबाखूत मळला की निकोटिन मोकळं होतं आणि गालाच्या आतल्या अस्तरातून झपाट्यानं रक्तात उतरतं. वेपमध्ये, म्हणजे ई-सिगारेटमध्ये, याच्या अगदी उलट युक्ती आहे. तिथे आम्ल मिसळून निकोटिन सॉल्ट तयार करतात. मग घशाला ठसका लागत नाही, आणि पहिल्यांदाच ओढणारं पोरही खोल झुरका घेऊ शकतं. वर आंब्याचा नाहीतर पुदिन्याचा वास. ठसका ही शरीरानं दिलेली ताकीद असते. इथे तीच बंद करून टाकली आहे. आणि मेंदूची घडण तर विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. त्या वयात लागलेली सवय मोठेपणी लागलेल्या सवयीपेक्षा फार चिवट ठरते.

भारतात ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठा आणि जाहिरात यांवर २०१९ च्या कायद्यानं बंदी आहे. ती योग्यच आहे. पण बंदी आहे म्हणून पालकांनी ती वस्तू कधी पाहिलेलीच नसते, आणि दप्तरात सापडली तरी पेन किंवा पेन ड्राइव्ह समजून ते परत ठेवून देतात. गुटख्याची बंदीही आपल्याकडे २०१२ पासून आहे. तरी दुकानात पानमसाल्याची माळ आणि शेजारी तंबाखूची माळ लटकलेली असते, आणि गिऱ्हाईक दोन्ही पुड्या फोडून एकत्र करतं. सुपारी तर आपण निरुपद्रवीच मानतो. वास्तविक नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे. तिच्यामुळे गालाचं अस्तर ताठर होत जातं आणि तोंड उघडेनासं होतं. उभी तीन बोटं तोंडात जातात का, हे वर्गातल्या मुलांना एकदा करून बघायला सांगा.

शाळेत आपण तंबाखूमुक्तीची शपथ देतो. फाटकाबाहेर पिवळी रेषा आखतो. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही आणि १८ वर्षांखालच्या कोणालाही ती द्यायची नाही, हा नियम २००३ च्या कायद्यातला आहे. ३१ मेचा तंबाखूविरोधी दिन येतो तेव्हा तर आपल्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते. या सगळ्यात आपण मुलाकडूनच वचन मागत राहतो, आणि संध्याकाळी त्याच मुलाच्या हातात पैसे ठेवून त्याला पुडीला पाठवतो. मुलाला दुकानात पाठवणाराही त्या कायदेभंगात सामील असतो, हे आपल्या मनातही येत नाही.

म्हणून मी पालकसभेत मुलांबद्दल बोलणं कमी केलं. तंबाखू सोडा, असंही सुरुवातीला म्हणत नाही. सोडायची इच्छा असेल त्यांना १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक फळ्यावर लिहून देतो. मागतो ते एवढंच, की पोराला पुडी आणायला पाठवू नका, आणि त्याच्यासमोर मळू नका.

एका सभेनंतर एक वडील थांबले. गवंडीकाम करणारे, हाताला सिमेंटच्या भेगा. म्हणाले, "सर, सोडणं काय जमायचं नाय. पण आजपासून आणायला मीच जाईन."

तीन आठवड्यांनी ते रस्त्यात भेटले. पाऊस लागला होता. मी विचारायच्या आधीच म्हणाले, "रात्रीची एक बंद झाली, सर. चिखलातून एवढं लांब कोण जातंय?" शेजारी त्यांची पाचवीतली मुलगी छत्री धरून उभी होती. ती म्हणाली, "मला पाठवतच नाहीत आता."