कोरडे तांबे



दिव्य कुरआनच्या सूरह रअदमध्ये (आयत 17) सत्य आणि असत्य यांतील फरक दोन दृष्टांतांनी समजाविला आहे. पहिला पुराच्या पाण्यावरील फेसाचा, दुसरा दागिने वा भांडी घडविण्यासाठी धातू तापविताना वर येणाऱ्या मळीचा. दुसरा दृष्टांत आपण घाईने वाचून पुढे जातो, कारण भट्टी आपण पाहिलेलीच नसते. आज तांब्याच्या भट्टीपाशी थोडे थांबू या.

मध्य प्रदेशातील मलांजखंडच्या खाणीतील खडकात तांबे एक टक्क्याच्या आसपासच असते. खडक दळून फेनतरण पद्धतीने निरुपयोगी भाग वेगळा करतात. (येथे मात्र फेसाबरोबर वर येते तेच मोलाचे असते. आयतीतील मळी पुढे, भट्टीत भेटते.) भट्टीत सिलिका लोहाला धरून ठेवते आणि त्यांची मळी वितळलेल्या रसावर तरंगू लागते, ती काढून टाकतात. मग रसात जोराने हवा फुंकली की उरलेले लोह मळीत जाते, गंधक जळून वायुरूपाने निघून जाते. हाती येते ते सुमारे 98 ते 99 टक्के शुद्ध तांबे.

काम संपले असे वाटते. पण ज्या हवेने तांब्याला शुद्ध केले, तिच्यातीलच प्राणवायू आता तांब्यात मुरून बसलेला असतो. असे तांबे ठिसूळ होते. वेल्समधील स्वान्झीचे जुने कारागीर त्याला ‘कोरडे’ तांबे म्हणत. ते रसात हिरव्या, ओल्या लाकडाचे ओंडके खुपसत. लाकडातून निघणारे वायू तो प्राणवायू ओढून घेत. मधूनमधून कारागीर पळीभर रस काढून त्याचा लहान तुकडा ओती, तो वाकवून मोडी आणि मोडलेला भाग निरखून पाही. शुद्धतेची परीक्षा तांबे वाकते कसे यावरून होई.

बंधूंनो, आपल्यापैकी अनेकांना अल्लाहने तौबा करण्याची बुद्धी दिली. व्याज सुटले, व्यसन सुटले, पाच वेळची नमाज जडली. अल्हम्दुलिल्लाह! परंतु ज्या उपासनेने हा मळ जाळला, तिचाच अभिमान अंतःकरणात मुरला नाही ना? नमाज न पढणारा धाकटा भाऊ घरी आला की आपला चेहरा आक्रसतो. वहिनीच्या पेहरावावर आपण तिच्या मुलांदेखत बोलतो. हळूहळू ती माणसे येणे थांबवितात आणि आपण त्याला दीनवरील दृढता समजतो.

सहीह मुस्लिममधील एका हदीसचा आशय असा की, ज्याच्या अंतःकरणात कणभरही अहंकार आहे तो स्वर्गात प्रवेश करणार नाही. तेव्हा एकाने विचारले, माणसाला चांगले कपडे आवडतात, त्याचे काय? प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले की तो अहंकार नव्हे, सत्य नाकारणे आणि लोकांना तुच्छ लेखणे म्हणजे अहंकार. हे वचन बहुधा आपण श्रीमंतांना ऐकवितो. पहिल्या सफेत उभ्या राहणाऱ्याने ते स्वतःला ऐकवावे.

यावरून नमाज कमी करावी असा अर्थ कोणी काढू नये. हवा फुंकल्यावाचून गंधक जात नाही. पण पळीभर रस काढून पाहावा. येत्या जुम्याच्या नमाजनंतर त्या भावाच्या घरी जावे. सलाम आधी आपण करावा, समोर येईल तो चहा घ्यावा, आणि त्या दिवशी नमाजचा विषय काढू नये.