कामाचा रकाना

खोटं बोलू नये, हे मी आयुष्यभर पोरांना शिकवलं. पण दोन खऱ्या माणसांच्या खऱ्या बोलण्यातून एक धडधडीत खोटं जन्माला आलं, तर कान कुणाचा धरायचा, हे मला कुणीच शिकवलं नव्हतं.

1981च्या फेब्रुवारीत शिरगणतीचे कागद काखोटीला मारून मी पिंपळगाव बसवंतात दारोदार हिंडत होतो. (शिरगणती आली की मास्तर आलाच!) एका अंगणात कांद्याचा हा ढीग! मालक ओट्यावर पानाला चुना लावत होते. मालकीणबाई विळ्याने कांद्याची पात कापत होत्या. मी विचारलं, "गेल्या वर्षात काही काम केलंत का?"

"मी?" बाई हसल्या. "मी कशाचं काम करते, गुरुजी? काम हे करत्यात. मी आपली घरीच."

मालकांनी मान डोलावली. मीही 'घरकाम' लिहून मोकळा झालो. वर चहा प्यालो. तोही बाईंनीच विळा खाली ठेवून केलेला. कांद्याने माझ्या डोळ्यांना पाणी आलं, पण बाईंचं काम काही डोळ्यांना दिसलं नाही.

बाई खोटं बोलल्या नाहीत, मी खोटं लिहिलं नाही. तरी कागद खोटा! धर्मराजाला आपलं 'नरो वा कुंजरो वा' निदान ठाऊक तरी होतं.

पुढे कळलं, की हा घोळ माझ्या एकट्याचा नव्हे. 1961च्या शिरगणतीत देशातल्या शंभर बायकांमागे सुमारे 28 कामकरी निघाल्या. 1971ला 'मुख्य उद्योग कोणता?' असं विचारलं, आणि आकडा निम्म्यावर आला. दहा वर्षांत बायका काही पान खात ओट्यावर बसल्या नव्हत्या. बदलला होता तो प्रश्न. शेवटी 1991ला 'शेतावरचं किंवा घरच्या धंद्यातलं बिनमोबदला काम धरून' अशी पुस्ती प्रश्नालाच जोडावी लागली. याच आकड्यांवर सरकार योजना आखतं. रकान्यात जी नाही, ती योजनेत कुठून येणार?

तेव्हा माझ्यापुरता निवाडा असा: चुकीच्या उत्तराचं पाप आधी विचारणाऱ्याच्या माथी. विशेषतः त्याला समोर ढीग दिसत असेल तर.

2019च्या सरकारी पाहणीत 'काम करता का?' यावर भिस्त ठेवलीच नाही. पहाटे चारपासून दर अर्ध्या तासाला काय केलंत, ते विचारलं. घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी 299 मिनिटं भरली, करणाऱ्या पुरुषांची 97.

हे मी हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, "ते 97 मिनिटंवाले राहतात कुठे?"

मी मुकाट्याने कपबशी उचलून मोरीकडे निघालो. हिने घड्याळात पाहिलं.